कॉट बेसिसवर राहिलेल्यांनो, तेव्हाचा कुठला वैताग आता आठवला की हसू येतं?

गच्चीवाला

लेकीला नुकतंच पुण्यात पीजीत सोडून आलो. अंगठा लावला की दार उघडतं, कपडे मशीनला, गरम पाणी चोवीस तास, आणि भाजी आवडली नाही तर तक्रार टाकायला ॲप. पण लगेच फोन आला की बाबा, रूममेट रात्री एक वाजेपर्यंत रील्स बघते तेही स्पीकरवर, मी काय करू. तिचा वैताग खराच आहे. हेडफोन शंभर रुपयात मिळत असताना लोक अख्ख्या खोलीला का ऐकवतात हे मला पण कळत नाही, एसटीत तेच, दवाखान्यात तेच, परवा एका मयतीला गेलो होतो तिथे मागे कोणाच्या तरी खिशात डीजे सुरू झाला आणि त्या माणसाला बंद करायचं बटणच सापडेना. तर तिला समजावता समजावता मला माझी सदाशिव पेठेतली कॉट आठवली, मग सांगत बसलो आणि बापलेक फोनवर बराच वेळ हसलो.

मी बार्शीचा, १९९४ ला डिप्लोमासाठी पुण्यात आलो. नव्या मंडळींसाठी सांगतो, कॉट बेसिस म्हणजे खोली भाड्याने नाही, खोलीतली एक लोखंडी कॉट भाड्याने. कॉटखाली तुमची पत्र्याची ट्रंक, डोक्याशी भिंतीत एक खिळा, एवढी तुमची इस्टेट. आमच्या खोलीत चौघं. एक लातूरचा मेकॅनिकलवाला, पहाटे उठून मोठ्याने पाठ करायचा, मी सिव्हिलचा असून थर्मोडायनॅमिक्सचे नियम मला आजही झोपेतून उठवलं तरी म्हणता येतात. दुसरा जळगावकडचा, तो झोपेत बोलायचा आणि तेही अहिराणीत, त्यामुळे भांडण कशाचं चाललंय ते समजायचं नाही, कोणीतरी त्याची केळी नेलीत एवढं मात्र समजायचं. तिसरा कराडचा, तालमीत जाणारा, तो कुशीवर वळला की चारही कॉट हलायच्या कारण जागा नाही म्हणून त्या एकमेकींना चिकटवून लावलेल्या.

पण वैतागांचा राजा म्हणजे ढेकूण. रविवारी सकाळी आम्ही चौघं मिळून कॉट गच्चीवर न्यायचो. वाड्याचा जिना अरुंद, लाकडी, मध्येच वळणारा, त्यात कॉटचा पाय अडकला की वरचा म्हणणार खाली घे आणि खालचा म्हणणार वर घे. गच्चीत कॉट आडवी करायची, बंबातलं उकळतं पाणी तांब्याने जिथे पट्ट्या जोडल्यात त्या सांध्यात हळूहळू ओतायचं, मग काडीला कापूस गुंडाळून रॉकेल, मग गादी उन्हात उलटी-पालटी. दुपारपर्यंत अख्ख्या आळीला रॉकेलचा वास. दोन-तीन रात्री शांत जायच्या की परत मंडळी हजर. मालक म्हणणार ढेकूण तुम्ही गावाकडून ट्रंकेत आणले, आम्ही म्हणणार ते तुमच्या भिंतीत पेशव्यांच्या काळापासून आहेत. शेवटी लातूरकराने फुलस्केप कागदावर कुठल्या कॉटमधून किती निघाले त्याचा आठवड्याचा तक्ता केला आणि मालकांसमोर ठेवला. मालकांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, अक्षर छान आहे तुझं.

मला हे सगळं गोळा करायचंय. कॉटवर, हॉस्टेलवर, खोली करून कुठे पण राहिला असाल, तुमचा तेव्हाचा एक खणखणीत वैताग सांगा. आणि आजच्या मुलांचे वैताग कोणाला माहीत असतील तर ते पण. सगळं लेकीला पाठवणार आहे.

एकभाकरी

माझा वैताग म्हणजे डब्याची वाट बघणे. मी भोरचा. सकाळच्या गाडीने आईचा डबा यायचा स्वारगेटला. तालुक्यातली बरीच पोरं पुण्यात शिकायला असायची, सगळ्यांचे डबे ड्रायव्हरच्या शेजारी बॉनेटला लागून रचलेले, वायरच्या पिशव्यांमध्ये, जर्मनचे, स्टीलचे, एकेकाचा कड्या तुटलेला म्हणून सुतळीने आवळलेला. बॉनेटच्या उबेने कालवण गरम राहायचं पण दही असलं की पुण्यात येईपर्यंत त्याचं काय व्हायचं ते विचारू नका.

आता कात्रजच्या घाटात एखादा ट्रक आडवा झाला की संपलं. अकराला प्रॅक्टिकल आणि डबा घाटात. आम्ही सात-आठ जण फलाटावर उभे, पोटात कावळे, येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी वाचतोय, सातारा, वाई, महाबळेश्वर, फलटण, सगळं जग पुण्यात येतंय फक्त भोर येत नाही. गाडी वळली की बस थांबायच्या आत आम्ही ड्रायव्हरच्या दाराशी. ड्रायव्हरकाका वरून एकेक डबा खाली देताना नाव पुकारायचे आणि इथेच घोळ, कारण आमच्याकडे एकाच आडनावाची पाच-पाच पोरं आणि डब्यावर ऑइलपेंटने नुसतं आडनाव. मी मेथीची भाजी सोडून भलत्याचंच दोडकं खाल्लंय आणि माझ्या आईची मेथी भलत्यानेच खाल्ली आहे, वर संध्याकाळी भेटल्यावर सांगणार की काकूंच्या हाताला चव आहे हां.

रिकामा डबा धुऊन संध्याकाळच्या गाडीने परत पाठवायचा. एकदा पोरं सिंहगडावर निघाली, घाईत डबा न धुता तसाच गेला. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर दोन भाकरी आणि खर्डा. चिठ्ठी नाही, निरोप नाही. त्यानंतर आमच्या खोलीतल्या एकानेही डबा न धुता पाठवला नाही, ज्याला डबा येत नव्हता तो सुद्धा आमचे डबे उलटे करून बघायचा.

मराठवाड्याकडच्या, नगर-नाशिककडच्या पोरांचे डबे शिवाजीनगरला यायचे. ते स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या डिसेंबरअखेरीस वाकडेवाडीला गेलं. आमचं स्वारगेट जागेवर आहे, अजून तिकडून गेलो की नजर आधी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये जाते, कुठे वायरची पिशवी दिसते का ते बघायला. कधी कधी दिसते पण.

मिरजेची_मैना

मुलींच्या बाजूने कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहिते. आम्ही चौघी शनिवार पेठेत, १९९२ ते ९५. संध्याकाळी साडेसातच्या आत घरात. एसटीडीचा पाव दर लागायचा रात्री अकरानंतर, म्हणजे मुलांनी बूथपुढे लाईन लावून स्वस्तात घरी बोलायचं आणि आम्ही दिवसाच्या दरात, समोरच्या डब्यावर लाल आकडे पळताना बघत, बरी आहे ना, बरी आहे, पैसे पाठवा, ठेवते. माझ्या वडलांना बोलायच्या आधी खाकरायची सवय होती, त्यांच्या त्या खाकरण्यात दीड रुपया जायचा आणि मी इकडे पाय आपटत उभी.

म्हणून आमचं सगळं पत्रावर. आणि वडील लिहायचे पोस्टकार्ड, पंधरा पैशांचं. मी शंभर वेळा सांगितलं की इनलँड पाठवा, कारण पोस्टमन पत्रं खाली घरमालकीण काकूंकडे द्यायचा आणि पोस्टकार्ड म्हणजे उघडंच की हो. मी कॉलेजातून येऊन जिन्यात पाय ठेवते न ठेवते तोच काकू आतून, अगं तुझ्या आत्याला मुलगी झाली बरं का, आणि म्हशीचं पण चांगलं झालंय आता, दूध द्यायला लागली. माझ्या घरची बातमी मला कायम काकूंच्या तोंडून कळायची. पुढे तर काकू सल्ले द्यायला लागल्या, तुझ्या वडलांना म्हणावं त्या शेजाऱ्याशी बांधावरून इतक्यात कोर्टात जाऊ नका. आणि माझ्या वडलांनी तो सल्ला ऐकला, खरंच ऐकला, मामला गावातच मिटला, आणि मग पोस्टकार्डाच्या शेवटी यायला लागलं की मालकीणबाईंना नमस्कार.

दुसरा वैताग मेसचा खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करून घेणं. नियम काय तर सलग तीन दिवस नसाल तरच खाडा धरणार, आणि आदल्या दिवशी वहीत लिहून सही करायची. मी मिरजेला जाणार शनिवार-रविवार, म्हणजे कितीही वेळा गेले तरी खाडा शून्य. आमच्यातली एक गणिताची होती, तिने मेसच्या काकांना कागदावर मांडून दाखवलं की वर्षभरात आमच्या न खाल्लेल्या पोळ्या किती होतात. काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशीपासून तिच्या ताटात पोळी वाढताना मोठ्याने म्हणायचे, ही मागच्या शनिवारची.

आता आम्ही चौघी व्हॉट्सॲपवर एका ग्रुपमध्ये आहोत. रोज पहाटे साडेपाचला पहिला गुलाब पडतो, मग दुसरा, मग सूर्योदय, मग सुविचार. त्या आवाजाने मी जागी होते आणि रोज वैतागते. म्यूट करायला मात्र हात होत नाही, कारण ज्या दिवशी तिघींपैकी एकीचा गुलाब येत नाही त्या दिवशी मी नऊ वाजता फोन लावते.

माजघर

मी दुसऱ्या बाजूची हो. मालकिणीकडची. लग्न होऊन १९८८ ला नारायण पेठेतल्या वाड्यात आले तेव्हा वरच्या मजल्यावर सहा मुलं कॉटवर होती आणि माझ्या सासूबाईंना मुलं खडूस म्हणायची, मला जिन्यातून ऐकू यायचं. तर त्यांच्या बाजूने चार गोष्टी सांगते.

मुलं ठेवायची वेळ का आली? वाड्यात जुने भाडेकरू, १९४७ च्या भाडे कायद्यामुळे त्यांचं भाडं होतं तिथेच गोठलेलं, महिन्याला जे यायचं त्यात पावसाळ्याआधी कौलं सुद्धा चाळून होत नव्हती. भाडेकरूवर राग नव्हता, त्यांची पण परिस्थिती बेताची. पण विद्यार्थी परीक्षा झाली की ट्रंक उचलून गावी जातो, ठाण मांडून बसत नाही, म्हणून पेठेतल्या निम्म्या वाड्यांनी कॉट टाकल्या. वाड्याची डागडुजी, नणंदेचं लग्न, सगळं त्या कॉटवर झालं. नवीन भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला तोवर आमचा वाडा टेकू लावून उभा होता. आता तिथे अपार्टमेंट आहे, त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये राहतो.

पाण्याचं म्हणाल तर गुरुवार आला की धडकी भरायची. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, म्हणजे बुधवारी रात्रीच हौद, पिंप, कळशा, पातेली सगळं भरून ठेवायचं आणि शुक्रवारी सकाळी येणारं पाणी गढूळ. अशा वेळी वर एखादा मुलगा नळ सोडून दात घासत उभा राहायचा. सासूबाई खाली भाजी निवडता निवडता नुसत्या आवाजावरून सांगायच्या की हा नांदेडचा, आणि खालूनच हाक, नांदेड, नळ! मुलांना त्या गावाच्या नावानेच हाका मारायच्या. सांगली, चप्पल बाहेर. वाशीम, दिवा. एकदा दोन मुलं नगरची आली तर एकाला त्यांनी नगर म्हणायचं ठरवलं आणि दुसऱ्याला जिल्हा.

रात्री दहाला दिंडी दरवाजाला अडसर लावायचा त्याचा राग सगळ्या मुलांना होता. पण प्रत्येक मुलाचा बाप पहिल्या दिवशी सोडायला यायचा तेव्हा जाताना हात जोडून म्हणायचा, आजी, लक्ष असू द्या. सासूबाईंनी ते वाक्य फार मनावर घेतलं होतं. दहाच्या पुढे एखादा आला नसेल तर अडसर लावून त्या आत झोपायला जायच्या नाहीत, दाराशीच पाटावर बसून राहायच्या, आणि तो आला की आधी दार उघडायच्या मग बोलायच्या. कावीळ झालेल्या एका मुलाला त्यांनी माजघरात झोपवून बिनतेलाचं जेवण करून घातलं, घरी पाठवायची हिंमत होईना इतका तो पिवळा पडला होता.

आणि गच्चीवाला, गच्चीचा विषय तुम्ही काढलात म्हणून. आम्ही उन्हाळ्यात गच्चीत कुरडया, सांडगे, पापड घालायचो. संध्याकाळी भरताना कुरडया नेहमी कमी. ओल्या कुरडईची चव काय असते ते सहाही मुलांना माहीत होतं. मी चिडायचे, चीक ढवळून हात माझे दुखायचे. सासूबाई मात्र घालतानाच गच्चीच्या दारालगतची एक ओळ मोजायच्याच नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, ती वरच्यांची.

उपाशी_विठोबा

सगळ्यांचं वाचून मजा आली पण मी थोडं वेगळं लिहिणार, राग मानू नका.

मी माण तालुक्यातला. २००३ ला पुण्यात आलो, त्या साली आमच्याकडे दुष्काळ, जनावरं चारा छावणीत आणि वडील पण तिथेच मुक्कामाला. माझ्याकडे मेसचे पैसे एका वेळेचे. दुपारी मेस, रात्री काय मिळेल ते. त्यामुळे ते दिवस गोड होते असं मला म्हणता येत नाही, भूक गोड नसते. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, हा नियम ज्यांच्याकडे भुर्जीपावचे पैसे आहेत त्यांना वैताग, आमच्यासारख्यांना रात्र काढायची असायची. फीस्टला श्रीखंड पुरी मसालेभात असायचा, मी पुऱ्या मोजत नव्हतो, वाढणाऱ्या मावशी पण मोजत नव्हत्या, समोर उभ्या राहून वाढायच्या आणि मालक बघायला लागला की मध्ये येऊन उभ्या राहायच्या. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, सगळे मावशीच म्हणायचे.

पण हसू येणारी एक गोष्ट आहे ती सांगतो. रात्री मी झेरॉक्सच्या दुकानात काम करायचो. परीक्षा जवळ आली की नोट्सचे गठ्ठे. मशीनवर पान ठेवायचं, झाकण लावायचं, उजेड फिरेपर्यंत रिकामाच असतो म्हणून मी पुढचं पान वाचायचो. असं करून मी लॉची कलमं वाचली, फार्मसी वाचली, मराठी साहित्याचं संतवाङ्मय तर अख्खं झालं. आमच्या रूमवर एक फार्मसीवाला होता, तो मला म्हणाला हे युनिट येणार नाही परीक्षेत, मी म्हटलं येईल, गेले तीन दिवस सगळी पोरं तेवढ्याच पानांच्या कॉप्या काढतायत. आलं ना! तेव्हापासून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रूमवर माझी अशी बडदास्त की विचारू नका, चहा हातात, कॉट खिडकीजवळची, आणि सगळे विचारतायत आज काय छापलं?

आणि वैताग विचाराल तर वैताग हा की त्या रूमवर एक जण घरून आलेला लाडवांचा डबा कुलूप लावून ट्रंकेत ठेवायचा आणि रात्री दिवा बंद झाल्यावर खायचा. अंधारात बेसनाच्या लाडवाचा आवाज येत नाही असं त्याला वाटायचं. कुलपाचा येतो, ट्रंकेच्या कडीचा येतो, आणि तूप असलं की वासाचा तर प्रश्नच नाही. आम्ही तिघं गप्प पडून ऐकायचो. पुढे त्याच्या आईला कोणीतरी सांगितलं असावं, दिवाळीनंतर ती स्वतः आली आणि चार वेगळ्या पिशव्या घेऊन आली, प्रत्येकीवर नाव.

वाळवंटी_मालवणी

थोडक्यात लिहितो, ड्युटीवर आहे. मी मालवणचा, पुण्यात कॉटवर होतो तेव्हा अट होती की अंडं सुद्धा चालणार नाही. ठीक आहे, मान्य केली. पण माझ्या आईला ती अट मान्य नव्हती, तिने सुटीवरून परत येताना पिशवीच्या तळाला सुकटीचा डबा घातला, मला न सांगता. मे महिन्यात तो डबा ट्रंकेत तापला आणि मालकीण आजी सगळ्या खोल्या वास घेत फिरल्या, कुठेतरी उंदीर मेलाय रे. आम्हा सगळ्यांना उंदीर शोधायला लावलं. कपाटं हलवली, पलंग हलवले, कौलावर चढलो. मी सगळ्यात पुढे. संध्याकाळी मी सुकट एका मित्राच्या रूमवर पोचती केली तेव्हा आजी म्हणाल्या, बघ, शोधल्यावर गेला की नाही.

आता दुबईत आहे. इथे कॉट बेसिसला बेड स्पेस म्हणतात, बाकी सगळं तेच, खोलीत सहा जण, कॉटवर कॉट, बाथरूमला नंबर. सुरुवातीला इथल्या देरा भागात राहायचो, रूमवर केरळचे दोघं रात्री अकराला मासे तळायचे. बाकीचे वैतागायचे, मी ताट घेऊन उभा.

टेबल_नंबर_१७

नमस्कार, मी सध्याचा आहे. परभणीचा, नवी पेठेत राहतो, एमपीएससी करतोय. तुमच्यासारखे ढेकूण आमच्याकडे पण आहेत, फक्त आता स्प्रे मारायला माणूस येतो आणि पैसे आपण वाटून द्यायचे.

आमचे वैताग सांगतो. माझा रूम पार्टनर पहाटे चारचा अलार्म लावतो. चारला वाजतो, तो बंद करतो, चार पाचला वाजतो, बंद करतो, असं पाच वाजेपर्यंत, आणि मग तो झोपतो आणि मी उठतो. त्याचा अलार्म आहे म्हणूनच माझा अभ्यास होतो असं तो सगळ्यांना सांगतो आणि ते खरं पण आहे. मग अभ्यासिका. नंबर असलेलं टेबल, मधे प्लायचं पार्टिशन, महिन्याची फी. तिथे बोलायचं नाही असं दहा ठिकाणी लिहिलंय त्यामुळे बाकीचे आवाज इतके मोठे वाटतात ना, खुर्ची सरकवली की पन्नास माना वर, कोणी वेफर्सचं पाकीट हळू फोडायला लागला की जास्तच त्रास, वाटतं एकदाचं फोड बाबा. माझ्या शेजारी १८ नंबरला एक दादा आहे, त्याला वाचताना पाय हलवायची सवय. त्याच्या पायाने माझं टेबल हलतं. सुरुवातीला मी चिडायचो, आता तो गावी गेला की मला टेबल स्थिर वाटतं आणि लक्ष लागत नाही.

चहाचा वैताग वेगळाच. चल दहा मिनिटं चहाला, असं म्हणून माणूस अमृततुल्यवर जातो, तिथे आधी क्रीमरोल, मग गेल्या वेळच्या कटऑफची चर्चा, मग आयोगाची नवीन जाहिरात कधी येणार यावर प्रत्येकाकडे आतली बातमी, बघता बघता सव्वा तास.

आणि सगळ्यात मोठा वैताग तारखांचा. मी नवीन आलो होतो तेव्हा १४ मार्च २०२१ ला पूर्व परीक्षा होती आणि ११ मार्चला कळलं की पुढे ढकलली. आम्ही सगळे रस्त्यावर आलो, मग २१ मार्चला झाली. नवीन तारीख कळली त्या दिवशी घरी फोन केला तर आजी म्हणाली, मग आठ दिवस अजून जेव नीट. तिला तेवढंच दिसत होतं आणि तेव्हा मला राग आला होता खरं सांगू तर. गावाकडचे लोक भेटले की काय झालं का पोस्टचं, एवढं एकच विचारतात. लग्नाला जायचं टाळतो त्यापायी. यातलं मला पुढे हसू येईल का माहीत नाही, पण १८ नंबरच्या दादाच्या पायाचं नक्की येईल.

रविवारी संध्याकाळी मेस बंद, हे मात्र अजून तसंच आहे बरं का विठोबा दादा.

उपाशी_विठोबा

१७ नंबर, लग्नाला जात जा. कोणी पोस्टचं विचारलं की त्याला त्याच्या उसाचं बिल जमा झालं का ते विचारायचं, माणूस पुढचा अर्धा तास स्वतःच बोलतो. आमच्या भागात हमखास चालतं.

माजघर

टेबल नंबर १७, नवी पेठ म्हणजे आमच्यापासून चालत पंधरा मिनिटं. रविवारी रात्री आमच्याकडे कायम साधंच असतं, पिठलं, भात, भाकरी, लसणीची चटणी. आम्ही दोघंच असतो, मुलगा बंगळुरूला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पत्ता देते. लाजू नकोस.

टेबल_नंबर_१७

काकू, व्यनि केलाय. या रविवारी टेस्ट सिरीजचा पेपर सात वाजता संपतो, साडेसातला आलो तर चालेल का? आणि अलार्मवाला रूम पार्टनर पण आला तर चालेल का? भाकऱ्या थोड्या जास्त लागतील, तो लातूरचा आहे.

गच्चीवाला

लातूरचा? त्याला माझ्यातर्फे विचार, मोठ्याने पाठ करतो का.

माजघर

दोघंही या. आठ भाकऱ्या टाकते, कमी पडल्या तर पीठ आहे. चप्पल बाहेर काढा.